आडनावाचे मूळ आणि अर्थ कसा शोधावा: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

आपल्या आडनावाचा अर्थ काय, हा प्रश्न कधी ना कधी बहुतेकांना पडतो, आणि बहुतेक वेळा शब्दकोश उघडून किंवा एखाद्या तयार यादीत पाहून तो मिटवला जातो. अशा ठिकाणी शब्दाचा अर्थ मिळतो. तो शब्द आपल्या घराला केव्हा, कुठे आणि कशामुळे चिकटला हे मात्र तिथे मिळत नाही. महात्मा फुले यांचे उदाहरण घ्यावे. ‘फुले’ या शब्दाचा अर्थ कोणालाही सांगावा लागत नाही. परंतु या घराण्याचे आधीचे आडनाव गोऱ्हे होते, त्यांचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण, आणि पुण्यात आल्यावर पेशव्यांकडे फुले पुरवण्याच्या व्यवसायावरून त्यांना फुले म्हटले जाऊ लागले, ही हकिकत त्या शब्दाकडे कितीही वेळ पाहत बसले तरी कळणार नाही. शोधायची असते ती ही हकिकत.

‘आडनाव’ या शब्दातला ‘आड’ हा आडवाट किंवा आडगाव या शब्दांतलाच आहे. मुख्य नावाच्या बाजूला असलेले ते नाव. जुन्या कागदांत त्यासाठी ‘उपनाम’ असा शब्द आढळतो. हे बाजूचे नाव घरातल्या माणसांना क्वचितच लागते. ते लागते शेजाऱ्यांना, सरकारी कारकुनाला, शाळेतल्या मास्तरांना आणि परगावच्या लोकांना. म्हणून संपूर्ण शोधात एक प्रश्न सतत समोर ठेवावा, असे मी प्रत्येक नवख्या माणसाला सांगतो: आम्हाला या नावाने सर्वप्रथम कोणी हाक मारली असेल, आणि त्या वेळी आम्ही कुठे राहत होतो?

पहिली पायरी: घरातली माहिती

शोधाची सुरुवात नेहमी घरातून करावी, कारण कागद थांबतात पण माणसे थांबत नाहीत. एक जाड वही घ्यावी आणि घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीपासून विचारायला लागावे. माझा अनुभव असा की पुरुषांपेक्षा घरात सून म्हणून आलेल्या वृद्ध स्त्रिया आणि घरातून बाहेर गेलेल्या आत्या यांना पुष्कळ अधिक ठाऊक असते. कुळाचार, ओटी, देवीचे नवस, कोणाच्या घरचा नैवेद्य कुठे जातो, हे सारे त्यांनीच सांभाळलेले असते. ‘आपल्या आडनावाचा अर्थ काय’ असे थेट विचारू नये, कारण त्यावर ऐकीव गोष्ट मिळते आणि बोलणे तिथेच संपते. मूळ गाव कोणते, कुलदैवत कोणते व त्याच्या दर्शनाला कुठे जातात, लग्नात देवक कशाचे बसवतात, गोत्र सांगत असल्यास कोणते, हे विचारावे. सर्वांत उपयोगी प्रश्न सुतकाचा आहे. आपण कोणाकोणाचे सुतक पाळतो, हे विचारले की आज वेगळे आडनाव लावणारी पण एकाच मुळातून फुटलेली भाऊबंद मंडळी आपोआप समोर येतात. सांगणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत, खाली तारीख घालावी आणि आपले तर्क वेगळ्या पानावर ठेवावेत.

त्यानंतर घरातल्या वस्तू पाहाव्यात. जन्मपत्रिका, पोथीचे शेवटचे पान, जुन्या लग्नपत्रिका, मनीऑर्डरच्या पावत्या आणि विशेषतः भांडी. पूर्वी लग्नात दिलेल्या तांब्यापितळेच्या भांड्यांवर नावे घालून घेण्याची पद्धत होती. आमच्या घरी एक पितळी घंगाळे आहे. त्याच्या काठावर बारीक ठिपके ठोकून पणजोबांचे नाव, त्यांच्या वडिलांचे नाव आणि गावाचे नाव घातलेले आहे. आडनाव नाही. लहानपणी मला ती चूक वाटे. पुढे लक्षात आले की ज्या गावात सगळे एकमेकांना ओळखत होते, तिथे भांड्यावर आडनाव घालण्याची कोणाला गरज वाटली नव्हती, आणि आमचे आडनाव त्या काळी घरात फारसे वापरात नसावे, ही माझ्या शोधातली पहिली खरी नोंद ठरली.

दुसरी पायरी: आडनावाची जात ओळखणे

इथे जात म्हणजे प्रकार. मराठी आडनावे ढोबळमानाने गावावरून, अधिकारावरून, कुळावरून, व्यवसायावरून आणि टोपणनावावरून आलेली असतात. आपले आडनाव कोणत्या प्रकारात बसते याचा अंदाज आधी बांधला, तर पुढे कोणते कागद पाहायचे ते ठरवता येते.

‘कर’ने संपणारी आडनावे सोपी वाटतात. होळकर म्हणजे नीरेकाठच्या होळ गावचे, तेंडुलकर म्हणजे सिंधुदुर्गातल्या तेंडोलीचे. मास्टर दीनानाथांनी गोव्यातल्या मंगेशी या आपल्या गावावरून मंगेशकर हे आडनाव घेतले. कोकणात शतकानुशतके राहिलेल्या बेने इस्राएल ज्यू समाजातही पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावांवरून पडलेली आडनावे आहेत. परंतु येथे एक गोष्ट नवख्यांच्या ध्यानात येत नाही. चिपळुणात राहणाऱ्याला चिपळूणकर म्हणून ओळखण्यात काहीच अर्थ नसतो, कारण तिथे सगळेच चिपळूणचे. ते नाव पडते चिपळूण सोडल्यावर, दुसऱ्या गावच्या लोकांच्या तोंडी. म्हणजे ‘कर’ आडनाव बहुधा स्थलांतराची नोंद असते, आणि ते जिथे रूढ झाले ते गाव आडनावातल्या गावाहून निराळे असते. दोन्ही गावे शोधावी लागतात. याला अपवाद वतनदार घराण्यांचा, कारण ज्या गावाचे वतन त्याच गावाचे नाव ती लावत. फलटणच्या निंबाळकरांचे आडनाव निंबळक गावावरून आले आणि त्यांचे मूळ कुळ पवार, असे त्या घराण्याच्या परंपरेत सांगितले जाते.

गाव ओळखतानाही घाई करू नये. वडगाव, पिंपळगाव, नांदगाव ही नावे महाराष्ट्रात जागोजागी आहेत, त्यामुळे वडगावकर एवढ्यावरून कोणते वडगाव ते कळत नाही. कुलदैवत, बोलीतले शब्द आणि जुन्या सोयरिकी ज्या भागाकडे बोट दाखवतात, त्या भागातले गाव आधी तपासावे. कुलदैवताचे ठिकाण म्हणजेच मूळ गाव, असेही धरून चालू नये. मंगेशीचे देवालय आज प्रियोळात आहे. पोर्तुगीज अमदानीत १५६० मध्ये देव तिथे हलवला गेला आणि त्याचे मूळ स्थान कुशस्थळी, म्हणजे आजचे कुठ्ठाळी.

अधिकारावरून आलेल्या आडनावांचा विस्तार मोठा आहे आणि ती नीट समजून घेण्यासारखी आहेत. पाटील हा गावाचा प्रमुख, कुलकर्णी गावचे दप्तर लिहिणारा, चौगुला पाटलाचा मदतनीस. अनेक गावांच्या परगण्यावर देशमुख आणि त्याच्या हिशेबाला देशपांडे. दक्षिणेकडे व कोकणात देशमुखाच्या जागी देसाई. शेटे आणि महाजन हे पेठेचे अधिकारी. राज्याच्या दरबारात चिटणीस पत्रव्यवहार पाही, मुजुमदार महसुली हिशेबांवर देखरेख करी, फडणीस दप्तर सांभाळी. चिटणीस, फडणीस, कारखानीस, पागनीस यांतला ‘नीस’ हा लिहिणारा या अर्थाच्या फारसी ‘नवीस’वरून आला आहे, आणि इनामदार, किल्लेदार, जहागीरदार यांतला ‘दार’ म्हणजे ती गोष्ट ज्याच्या ताब्यात आहे तो. या आडनावांमागे बहुधा एक जुने आडनाव दडलेले असते. नाना फडणवीसांचे घराणे भानूंचे, आणि पेशव्यांचे घराणे श्रीवर्धनच्या भटांचे. म्हणून आपले आडनाव अधिकाराचे असेल, तर ‘त्याआधी आम्हाला काय म्हणत होते’ हा प्रश्न विचारल्याशिवाय शोध पूर्ण होत नाही. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने रद्द झाली आणि महसुली पाटीलकी १९६२ च्या कायद्याने. अधिकार गेला, आडनाव राहिले.

कुळांची आडनावे, म्हणजे भोसले, जाधव, मोरे, चव्हाण, पवार, कदम, साळुंखे यांसारखी, नवख्याला सर्वाधिक मोहात पाडतात. मोरे म्हणजे मौर्य, जाधव म्हणजे यादव, कदम म्हणजे कदंब, साळुंखे म्हणजे चालुक्य, पवार म्हणजे परमार, अशी समीकरणे सर्वत्र मांडलेली दिसतात. शब्दाच्या उच्चारात झालेला बदल म्हणून यांतली बरीच समीकरणे पटण्याजोगी आहेत. परंतु शब्द त्या राजवंशाच्या नावापासून निघाला असणे आणि आपले घराणे त्या राजवंशापासून निघाले असणे, यांत मोठे अंतर आहे. राजाचे नाव त्याचे सैनिक, त्याचे आश्रित आणि त्याच्या मुलखातली प्रजाही लावत असे. शहाण्णव कुळांच्या ज्या याद्या फिरतात त्यादेखील एकमेकींशी जुळत नाहीत. येथे देवक अधिक मोलाचे ठरते. मोऱ्यांच्या काही घराण्यांत लग्नात मोराचे पीस देवक म्हणून असते, आणि एकच देवक असलेल्या घरांत सोयरीक टाळण्याची रीत असल्याने देवकावरून जुने नाते उलगडण्याची शक्यता असते.

व्यवसायाची आडनावे बहुधा सरळ असतात: सुतार, लोहार, कुंभार, वैद्य, पुराणिक, ज्योतिषी या शब्दातून घडलेले जोशी. टोपणनावांची मात्र गंमत वेगळीच आहे, आणि मला ती मनापासून आवडतात, कारण त्यांत कोणा एका पूर्वजाचा चेहरा थेट दिसतो. काळे, गोरे, टकले, बोबडे, एकबोटे, सातपुते, अष्टपुत्रे, सहस्रबुद्धे, गोडबोले. यांतला शेवटचा ‘ए’ हा पुष्कळदा आदरार्थी बहुवचनाचा आहे. ‘काळा’ हा एक माणूस, ‘काळे’ हे त्याचे घर. अशा आडनावांवर आज हसले जाते आणि काही कुटुंबांनी त्यामुळे ती बदललीही आहेत. ज्यांचे आडनाव असे आहे त्यांनी ते टाकण्याआधी त्याचा शोध जरूर घ्यावा, कारण गावाचे किंवा अधिकाराचे आडनाव हजारोंचे असते, तर टोपणनाव बहुधा एका ओळखता येण्याजोग्या माणसापासून सुरू झालेले असते.

तिसरी पायरी: कागद मागे मागे नेणे

शोध नेहमी आजपासून मागे न्यावा. एखाद्या प्रसिद्ध ऐतिहासिक पुरुषापासून सुरुवात करून त्याला आपल्यापर्यंत आणून जोडण्याचा प्रयत्न केला, तर मधल्या पिढ्या कल्पनेने भराव्या लागतात.

पहिला कागद शाळेचा. जुन्या प्राथमिक शाळांतून प्रवेशाचे जनरल रजिस्टर जपलेले असते आणि त्यावरून प्रवेश निर्गम उतारा मिळतो. मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा अशी माहिती त्यात असते. आपल्याकडे आडनावे पक्की होण्यात शाळेचा वाटा फार मोठा आहे, कारण मास्तरांनी पहिल्या दिवशी जे लिहिले ते आयुष्यभर चिकटले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या घराण्याचे आडनाव सकपाळ. मंडणगड तालुक्यातल्या आंबडवे या मूळ गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर हे नाव शाळेत रूढ झाले.

आमच्या बाबतीत शोधाला वळण मिळाले ते शाळेतच. मुख्याध्यापकांनी कपाटाच्या तळातून कापडी पुठ्ठ्याचे लांबट रजिस्टर काढून दिले. शाई तपकिरी झालेली, पानांच्या कडा कुरतडलेल्या. पणजोबांच्या नावापुढे ‘पोतदार’ असे स्वच्छ बाळबोध अक्षरात लिहिलेले होते. त्यानंतर सहा वर्षांनी त्यांच्या सख्ख्या धाकट्या भावाचे नाव आले, वडिलांचे नाव तेच, घर तेच, पण हस्ताक्षर निराळे आणि आडनावाच्या रकान्यात एका दूरच्या गावाच्या नावाला ‘कर’ लावलेले. मी दोन्ही पाने पुन्हा पुन्हा उलटून पाहिली. नव्या मास्तरांनी मुलाला घेऊन आलेल्या माणसाला ‘तुम्ही कुठले’ असे विचारले असावे आणि त्यांनी जुन्या गावाचे नाव सांगितले असावे. धाकट्या भावाचे वंशज आजही ते दुसरे आडनाव लावतात. आमच्या घरात विसरले गेलेले आधीचे गाव मला त्या एका रकान्यात सापडले. म्हणून शाळेत केवळ आपल्या पूर्वजाची नोंद पाहून परत येऊ नये. त्याच्या मागचीपुढची दहा-पंधरा वर्षे चाळून भाऊ आणि चुलतभाऊही शोधावेत.

दुसरे साधन जमिनीच्या नोंदी. सातबारा आजचा मालक दाखवतो, पण वंश दाखवतो तो फेरफार, कारण मयताच्या जागी वारसांची नावे लावताना नाते लिहिलेले असते. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकावरून एकेक जुना फेरफार काढत गेल्यास दोन-तीन पिढ्या सहज मागे जाता येते. अनेक जुने उतारे आता ‘आपले अभिलेख’ या शासकीय संकेतस्थळावर पाहता येतात. उरलेले तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात किंवा भूमी अभिलेख कार्यालयात मागावे लागतात. पश्चिम महाराष्ट्रात १८३० च्या दशकात इंदापूर तालुक्यापासून जमीन मोजणी व जमाबंदीचे काम सुरू झाले, आणि त्या परंपरेतली कडईपत्रके, म्हणजे मोजणीच्या वेळच्या जमीनधारकांची पत्रके, हाती लागल्यास फार उपयोगी पडतात. विदर्भात १९५४-५५ चे अधिकार अभिलेख पाहावेत. मराठवाड्यात निजामाच्या अमदानीतले कागद उर्दूत असतात हे ध्यानात ठेवून वाचणारा बरोबर न्यावा. जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, ज्याला कोतवाल बुक म्हणतात, सापडतात. तिथे आडनावाच्या जागी अनेकदा नुसती जात लिहिलेली असते, त्यामुळे वडिलांच्या नावावरून ओळख पटवावी लागते. आडनाव मुद्दाम बदलले असल्याची शंका असेल तर महाराष्ट्र शासन राजपत्राच्या दुसऱ्या भागात नावबदलाच्या जाहिराती छापलेल्या असतात, त्या पाहाव्यात.

एका कार्यालयात मला जुनी दप्तरे वाळवीने खाल्ल्याचे सांगून परत पाठवण्यात आले होते. वर्षभराने लेखी अर्ज केल्यावर तीच दप्तरे मिळाली. तोंडी नकारावर थांबू नये. गाव, तालुका, अंदाजे वर्ष आणि नमुन्याचे नाव स्पष्ट लिहून अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

चौथी पायरी: जुना कागद वाचणे

‘राणू बिन विठू पाटील, मौजे अमुक’ अशा नोंदीत ‘बिन’ म्हणजे मुलगा. ‘वलद’ याचा अर्थही तोच. स्त्रीच्या नावापुढचा ‘कोम’ किंवा ‘भ्रतार’ हा शब्द पतीचे नाव सांगतो. मौजे म्हणजे गाव, कसबे म्हणजे बाजारपेठेचे मोठे गाव. फेरफारात आढळणारे ‘अ.पा.क.’ म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजेच सज्ञान न झालेल्या मुलाचा पालक, आणि ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही अक्षरे आडनावाचा भाग समजून वाचल्याने झालेले घोटाळे मी पाहिले आहेत.

एकोणिसाव्या शतकातले आणि त्याआधीचे बहुतेक हस्तलिखित कागद मोडीत आहेत. मोडीत शब्दांमध्ये जागा सोडलेली नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. त्यामुळे आडनावातली वेलांटी पहिली की दुसरी यावर कोणताही निष्कर्ष उभा करू नये. इंग्रजी कागदांत तर शिंद्यांचे सिंदिया झालेले आहेत. एकाच घराण्याचे नाव चार तऱ्हांनी लिहिलेले दिसले तर ती चार घराणी मानण्याआधी प्रत्येक तऱ्हा मोठ्याने वाचून पाहावी. पुष्कळदा कानाला ती एकच वाटते. मोडी वाचक मदत करतात, पण निदान आपले आडनाव, गाव आणि पूर्वजांची नावे मोडीत ओळखता येतील इतके स्वतः शिकावे. दोन-तीन महिने नियमित बसले तर एवढे सहज साधते.

कालगणनेचाही गोंधळ होतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, दख्खनी फसली या महसुली सनात ५९० आणि मराठा काळच्या कागदांतल्या शुहूर सनात ५९९ किंवा ६००. शुहूर सन आकड्यांत न लिहिता इहिदे, इसन्ने, सलास, अर्बा अशा अरबी संख्याशब्दांत लिहिलेला असतो, म्हणून त्यांची यादी वहीच्या पहिल्या पानावर चिकटवून ठेवावी.

पाचवी पायरी: वंशावळी सांभाळणारे लोक आणि संस्था

त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया, प्रयाग येथील तीर्थोपाध्यांकडे यात्रेकरूंच्या नावांच्या वह्या असतात. तिथे गेलेला माणूस आपले, वडिलांचे, आजोबांचे, भावांचे आणि मुलांचे नाव गावासह लिहून किंवा लिहवून घेत असे. या नोंदी स्वतः पूर्वजांनी सांगितलेल्या असल्याने आडनावाच्या शोधात त्यांना मोठे वजन आहे. जाताना मूळ गावाचे नाव नक्की असू द्यावे, कारण कोणत्या गावाचे उपाध्याय कोण हे त्यावरूनच ठरते. कोल्हापूर-सांगलीच्या बाजूला आणि सीमाभागात हेळवी गावोगाव फिरून घराण्यांच्या वंशावळी वाचून दाखवतात. त्यांच्या वंशावळीतल्या अलीकडच्या पिढ्या बहुधा चोख असतात. फार मागच्या पिढ्या देवांपर्यंत किंवा राजांपर्यंत जाऊ लागल्या की तो भाग परंपरा म्हणून वेगळा लिहावा.

वतनदार घराण्यांनी पुण्याच्या पुराभिलेखागारातील पेशवे दफ्तर आणि इंग्रजी अमदानीत इनामांची चौकशी करणाऱ्या इनाम कमिशनचे कागद तपासावेत, कारण वतनाचा हक्क सिद्ध करताना घराण्यांनी आपल्या हकिकती व वंशावळी सादर केलेल्या असत. त्या वाचताना त्या हक्क मिळवण्यासाठी लिहिल्या होत्या याचा विसर पडू देऊ नये. १९१० मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात अनेक घराण्यांची दप्तरे आहेत. आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत छापलेला असेल तर तो मिळवावा आणि त्यातल्या विधानांमागे कोणता कागद दाखवला आहे ते पाहावे.

सहावी पायरी: अर्थ ठरवणे

शब्दकोशाकडे वळायचे ते आता, गाव, काळ आणि जुने रूप हाती आल्यावर. आजच्या कोशापेक्षा जुना कोश घ्यावा, कारण वतनी व दरबारी शब्दांचे त्या काळचे अर्थ त्यात मिळतात. मोल्सवर्थचा कोश, विशेषतः त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती, या कामाला अजूनही उत्तम आहे.

आमच्या घरात पोतदार म्हणजे पोती वाहणारे किंवा पोत्यांचा व्यापार करणारे, असे सांगितले जाई. जुन्या वापरात ‘पोते’ या शब्दाला खजिना असाही अर्थ होता, आणि पोतदार म्हणजे सरकारी खजिन्यात येणारे नाणे पारखून घेणारा. गावपातळीवर नाणी पारखण्याचे हे काम बहुधा सोनार करी आणि त्यालाही पोतदारच म्हणत. म्हणजे शब्द एक असला तरी खजिन्यावरचा अधिकारी आणि गावचा पारखी अशी दोन भिन्न माणसे त्यामागे उभी होती. कोशाने एवढेच सांगितले. आमचे पूर्वज यांपैकी कोण, हे ठरले ते शाळेच्या रजिस्टरात सापडलेल्या त्या दुसऱ्या गावच्या एका मोडी यादीवरून, जिच्यात पाटील, कुलकर्णी आणि चौगुला यांच्या हक्कांनंतर पोतदाराचा हक्क नोंदलेला होता. तो खजिन्याचा नव्हे, गावाचा पोतदार होता.

घराण्यात सांगितल्या जाणाऱ्या कथांचे काय करावे, हा प्रश्न हमखास येतो. घोरपडे हे नाव किल्ला चढण्यासाठी घोरपडीचा उपयोग केल्यावरून पडले, आणि गायकवाड हे नाव गायींना आसरा देण्यासाठी कवाड उघडल्यावरून, या कथा प्रसिद्ध आहेत. अशी कथा फेकून देऊ नये आणि पुरावा म्हणूनही वापरू नये. ती कोणी, कोणत्या शब्दांत सांगितली ते लिहावे आणि मग तपासावे: कथेतले ठिकाण आपल्या मूळ गावाच्या आसपास आहे का, हीच कथा दुसऱ्या आडनावाबद्दलही सांगतात का, आणि शब्दाचे दोन तुकडे पाडून त्यांभोवती ती नंतर रचलेली दिसते का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर होय असेल, तर ती कथा त्या घराण्याच्या अभिमानाबद्दल सांगते, आडनावाच्या जन्माबद्दल नाही.

एकाच आडनावाच्या सर्वांना भाऊबंद समजण्याची चूकही टाळावी. जाधव, पवार, शिंदे, गायकवाड ही आडनावे अनेक जातींत आहेत. पाटील तर जवळजवळ सर्व समाजांत. जोशी ब्राह्मणांत आहेत तसे भटक्या समाजांतही आहेत. कोकणातल्या मुसलमानांत देशमुख, खोत आणि सावंत आढळतात. आडनावावरून माणसाची जात ओळखण्याचा उद्योग आपल्याकडे फार चालतो, आणि ज्याने थोडे जरी कागद चाळले आहेत त्याला तो किती पोकळ आहे हे कळून चुकते. नाते सिद्ध होते ते आडनाव, गाव, कुलदैवत, देवक आणि सुतक यांतल्या बऱ्याच गोष्टी एकत्र जुळल्यावर.

सातवी पायरी: लिहून ठेवणे

हाती आलेली माहिती तीन रंगांच्या शाईने लिहिण्याची सवय मला उपयोगी पडली: कागदावर स्वतः पाहिलेले काळ्या शाईने, घरातल्यांनी सांगितलेले निळ्या शाईने आणि माझा तर्क लाल शाईने. प्रत्येक कागदाचे छायाचित्र काढून त्याखाली कार्यालय, दप्तराचे नाव, पान क्रमांक आणि पाहिल्याची तारीख लिहावी. नाहीतर दोन वर्षांनी तोच कागद पुन्हा सापडत नाही. वंशावळ मांडताना मुली, सुना आणि त्यांची माहेरची आडनावे वगळू नयेत. जुन्या वंशावळींनी त्या वगळल्यामुळेच निम्मे नातेसंबंध आज हरवलेले आहेत, आणि सोयरिकीचे गाव कळले की स्थलांतराची वाट पुष्कळदा त्यावरून कळते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लिहिणे शासकीय कागदपत्रांत बंधनकारक झाले आहे. पुढच्या शोधकर्त्याला त्या एका नावाचा किती आधार होईल, हे जुने फेरफार चाळलेल्या माणसाला सांगावे लागणार नाही.

मजकूर पूर्ण झाला की त्याच्या प्रती काढून एक मूळ गावातल्या भाऊबंदांकडे, एक वेगळे आडनाव लावणाऱ्या शाखेकडे आणि एक घरातल्या सर्वांत लहान वाचत्या मुलाकडे द्यावी. आमच्या धाकट्या पणजोबांच्या शाखेकडे मी प्रत पाठवली, तेव्हा उत्तरादाखल त्यांच्याकडून एका जुन्या तांब्याचे छायाचित्र आले. त्याच्या काठावरही तसेच ठिपके होते, तेच गाव, आणि आडनावाची जागा तशीच रिकामी.